पायांवर पाणी

नवं सावरमुरे, विट्याजवळ
१२ फेब्रुवारी २०२३

चि. दीपमालास,
आत्याचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला की तू म्हणतेस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे," आणि मी "बरं" म्हणून ठेवते. कागद आला की तो वाचावा लागतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं, एवढं मी पंचवीस वर्षं धरणग्रस्तांचे अर्ज लिहून शिकले. म्हणून हे रजिस्टर पोचेनं पाठवतेय. पोच माझ्याकडे परत येईल. मग 'मिळालंच नाही' म्हणायची सोय नाही.

काल ग्रामसभा झाली. सरपंच क्रांती, आपल्या धोंडुबाईची सून, तिनं शहरातून आलेला तपासणी अहवाल वाचला. डिसेंबरात तुझी कमिटी येऊन गेली त्याचा. अठरा नागरी सुविधांचा तक्ता आहे. शाळा आहे. समाजमंदिर आहे. स्मशानभूमी आहे, शेडसकट. सातव्या ओळीत 'पिण्याचे पाणी', आणि त्याच्यापुढं 'पुरेसे उपलब्ध, टंचाई नाही'. बायका आधी हसल्या. मग क्रांतीनं खालची सही वाचली, 'दीपमाला शेवाळे, उपअभियंता', तेव्हा हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

अहवालाबरोबर दोन पत्रं आहेत. एकात लिहिलंय, गावात पाणी पुरेसं असल्यानं एक मार्चपासून टँकर बंद. दुसऱ्यात, 'आमचे पुनर्वसन पूर्ण झाले, काही तक्रार नाही' असा ठराव ग्रामसभेनं करून द्यावा. तो मिळाला की कापरी धरणाची भिंत तीन मीटर वर जाणार आणि तुमच्या शहराला जादा पाणी मिळणार. म्हणजे ज्या पाण्याखाली आपलं सावरमुरे गेलं, तेच पाणी आणखी वर चढणार, आणि इकडं आपल्या हंड्यातलं तेवढंही जाणार.

एवढंच विचारते. ती सही तुझी आहे का? कुणी तुझ्या नावानं केली असेल तर तसं कळव, मी गल्लीत सांगेन. धोंडुबाईनं विचारलं, "अंजे, सही तिचीच का गं?" मी म्हणलं, विचारते.

सृष्टीला आणि जयराज जावयांना आशीर्वाद.
तुझी आत्या,
अंजना


२० फेब्रुवारी २०२३

ती. अंजनाआत्यास,
सा. न. वि. वि.

सही माझीच आहे.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिते. चौदा डिसेंबरला मी तुझ्या उंबऱ्यावर उभी राहिले. तू तांब्याभर नाही, कळशीभर पाणी माझ्या पायांवर घातलंस. लहानपणी घालायचीस तसं, आधी उजव्या पायावर, मग डाव्या, आणि शेवटची धार दोन्ही टाचांवर. आत रांजण काठोकाठ होता. दारात झाकलेले हंडे होते. मी नको म्हणत असताना तू आंघोळीला बादली काढलीस, प्रवासानं अंग आंबलं असेल म्हणून. कमिटीतल्या पाचही जणांना पाणी दिलंस, चहा दिलास, पुन्हा पाणी दिलंस. आमचे ड्रायव्हर परत येताना म्हणाले, मॅडम, तुमच्या गावात पाण्याला चव आहे. मी जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. टंचाई मी कुठे शोधायची होती? टाकीही पाहिली. रंगसुद्धा ताजा होता.

तू रागावशील, पण इकडचंही ऐक. शहर म्हणजे फक्त माझा चौदावा मजला नाही. आमच्या इमारतीमागे वस्ती आहे, तिथे पहाटे चारला नळ येतो आणि साडेचारला जातो. माझ्याकडे कामाला येते ती बाई दोन मुलींना रांगेत उभी करून येते. भिंत उंच झाली तर त्या रांगा कमी होतील, निदान कागदावर तसं आहे. लहानपणी मला धरणाचा राग यायचा. आता रोज सकाळी लाखो माणसांची तहान माझ्या टेबलावर येऊन बसते आणि राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

टँकर बंद होईल हे मला खरंच माहीत नव्हतं. तू गावाच्या नावानं अर्ज दे, मी तो पुढे सरकवते.

मेथीचे लाडू संपले. सृष्टी बारावीच्या अभ्यासाला बसते आणि डबा रिकामा करते.

तुझी,
दीपा


२७ फेब्रुवारी २०२३

दीपा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू पाहिलंस ते सगळं खरं होतं. त्याचंच जास्त दुखतंय.

टँकर दर तिसऱ्या दिवशी येतो, माणशी दोन हंडे. तुझा फोन तेरा तारखेला आला आणि टँकर पंधराला यायचा होता. माझ्या रांजणात तळाला हातभर पाणी होतं. मी कुणाकडे मागितलं नाही. धुणं वाळत घालताना नुसतं म्हणलं, उद्या आमची दीपा येतेय, हापिसची गाडी घेऊन. दिवस मावळायच्या आत अकरा घरांतून अकरा भांडी आली. धोंडुबाईनं डोकं धुवायचं पाणी आणून ओतलं. मी म्हणलं, राहू दे गं, तुझं डोकं? म्हणाली, "डोकं काय पळून जातंय व्हय? पोरीचं पाय पयलं." क्रांतीच्या जावेचं बाळ दोन महिन्यांचं. तिनंही अर्धी कळशी दिली. तू ज्या पाण्यानं आंघोळ केलीस ते मोरीबाहेर पाटीत धरलं होतं. तू गेल्यावर त्यात तिघींनी गोधड्या भिजवल्या.

ही रीत कुठून आली ते तुला ठाऊक आहे. सावरमुऱ्यात घरामागं झरा होता. आठ महिने चिखल. चिखलाचे पाय घेऊन माणूस आत येऊ नये म्हणून दारात पाणी घालायचं. पाण्याला तोटा नव्हता म्हणून रीत झाली. मग आपल्याला ट्रकमध्ये घालून या माळावर आणून सोडलं. इथं चिखल नाही, झरा नाही. कालव्याचं पाणी खालच्या गावांना आलं, आमचा माळ उंचावर राहिला. जातं आणलं, तुळस आणली, म्हशी वाटेत विकल्या. ही रीत मात्र आपोआप आली, तिला ट्रकमध्ये जागा लागत नव्हती.

टाकीचा रंग ताजा होता कारण तुम्ही येणार म्हणून आठ दिवस आधी कंत्राटदारानं ती रंगवली. सोळा वर्षं झाली ती बांधून. तिच्यात थेंब पडलेला कुणी बघितला नाही. शिडी चढून आत वाकली असतीस तर दिसलं असतं.

मास्तरांनी शिकवलं होतं, पत्र शुद्ध लिहावं. आता माझ्यानं व्हत न्हाई. आमी पाव्हणचार केला, तू पंचनामा केलास. आमची लाज झाकायला आमी हंडं भरून ठेवलं, आन् त्या हंड्यांनीच आमचा टँकर नेला. तुला सांगितलं न्हाई ही माझी चूक. मी ती पदरात घेते. पण सातवी ओळ तुझी हाय. ती बदल.

अर्ज देते. पंचवीस वर्षांत दोनशे अर्ज दिले, हा दोनशे एकावा.

अंजना


१२ मार्च २०२३

दीपा,

पोच आली, उत्तर आलं नाही.

एक तारखेपासून टँकर बंद आहे. खालच्या गावात सिद्धूची विहीर आहे, जायला-यायला दीड कोस. तो भला माणूस, नाही म्हणत नाही, पण त्याच्या विहिरीलाही तळ आहे. आम्ही पहाटेच निघतो. बाप्ये गावात नाहीतच. कोण सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात कोइमतूरला, कोण पलटणीत. त्यामुळं चढावर सगळ्या बायकाच.

होळीच्या आदल्या दिवशी धोंडुबाई उतारावर घसरली. डावं मनगट मोडलं. हंडा घरंगळत थेट ओढ्यापर्यंत गेला. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आदी हंडा बघा, मी काय हितंच हाय."

तुझ्याबद्दल ती आता काही विचारत नाही. आधी टोमणे मारायची ते बरं होतं.

अंजना


१९ मार्च २०२३

आत्या,

धोंडुमावशीचं वाचलं आणि दोन दिवस ऑफिसला गेले नाही. आजारी असल्याचं कळवलं. हल्ली मला खोटं पटकन जमतं.

मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. तक्ता मी तुझ्या गावात भरला नाही. शहरातून निघतानाच तो भरलेला होता, माझी फक्त सही राहिली होती. आमचे साहेब गाडीत म्हणाले, "मॅडम, तुमचंच गाव आहे. तुमची सही असली की कुणी शंका घेणार नाही." मला ते कौतुक वाटलं, आत्या. एवढ्या लोकांत मी कुणीतरी आहे असं वाटलं.

टाकीच्या शिडीच्या मी सहा पायऱ्या चढले. क्रांती खाली उभी होती. म्हणाली, "ताई, वर जावा की, आत बघा." तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि मी उतरले. हॉर्न वाजला म्हणून उतरले असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर वर जायचं नव्हतं. त्यानंतर तुझ्या घरी आले, रांजण भरलेला दिसला आणि मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, बघ, खोटं नाहीये. मला तेच पाहायचं होतं. तू ते दाखवलंस.

आजोबांच्या खात्यावर धरणग्रस्त म्हणून नोकरीचा एकच दाखला होता. तू तेव्हा चौतीस वर्षांची होतीस आणि तुला शिपायाची जागा मिळत होती. तू तो दाखला माझ्या डिग्रीपर्यंत पेटीत ठेवलास आणि त्यावर माझं नाव लिहिलंस. त्या दाखल्यावर मी या खात्यात आले. त्या खात्यातून त्याच गावाविरुद्ध सही केली. हे वाक्य मी चार वेळा खोडलं, शेवटी तसंच ठेवलं.

दुरुस्तीचं पत्र दिलं तर न पाहता सही केली हे कबूल करावं लागेल. चौकशी लागेल, कदाचित नोकरी जाईल. जयराजच्या कंपनीचंही काही खरं नाही. तू सांग, मी काय करू? तू म्हणालीस तर लगेच लिहिते.

दीपा


२७ मार्च २०२३

चि. दीपास आशीर्वाद.

मी म्हणणार नाही.

मी म्हणलं म्हणून लिहिशील, आणि उद्या काही झालं की आत्यानं सांगितलं म्हणून झालं असं होईल. सही करताना मला विचारलं नव्हतंस. खोडतानाही विचारू नकोस. हात तुझा आहे.

आणि त्या दाखल्याचं ओझं डोक्यावरून उतरव. तू समजतेस तसा तो त्याग नव्हता. मला शिपाई व्हायचंच नव्हतं. काय काम असतं त्यात? साहेबानं घंटी वाजवली की पाण्याचा ग्लास नेऊन ठेवायचा. ज्यांनी आपलं पाणी नेलं त्यांना मीच पाणी नेऊन देऊ? मी तेव्हा कुणाला हे बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, अंजना लय मोठ्या मनाची. वाटू दिलं.

आता आमचं ऐक. चोवीस तारखेला पुन्हा ग्रामसभा झाली. पुनर्वसन पूर्ण झाल्याचा ठराव आम्ही केला नाही. करणार नाही. तालुक्याहून दोन माणसं आली होती, त्यांनी समजावलं, जरा दरडावलंही. क्रांती म्हणाली, "तुमी बसा, आमचा दुसरा ठराव हाय, त्यो ऐकून जावा." आणि तिनं वाचला. टाकीत पाणी येईपर्यंत या गावात आल्यागेल्याला पाणी दिलं जाणार नाही. पायांवर नाही, प्यायलाही नाही. लहान पोरं आणि मेंढरांमागं फिरणारा धुळा धनगर, एवढे सोडून.

गलका झाला. नाथाजीआबा ऐंशी वर्षांचे, काठी आपटत उठले. "तान्हेल्याला पानी न्हाई म्हनायचं? सात पिढ्यांत झालं न्हाई. पाप लागंल." क्रांती त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आवं आबा, आपुन झाकतोय म्हणून त्यांस्नी दिसत न्हाई. पाव्हण्याम्होरं भरल्यालं हंडं मांडायचं बंद करूया. आपली तान आपल्याच दारात उघडी पडू द्या." आबांनी काठी भिंतीला टेकवली. मग त्यांनी अंगठा पुढं केला.

दुसऱ्याच दिवशी धोंडुबाईचे जावई आले, शिराळ्याहून, सासूचा हात बघायला. खाटेवर बसले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घसा खाकरला. शेवटी म्हणाले, "मामी, पाणी मिळंल का?" धोंडुबाई गळ्यात अडकवलेला हात सावरत म्हणाली, "जावईबापू, सातव्या वळीत बगा, पुरेसं हाय." भला माणूस, गाडीला किक मारून फाट्यावर गेला आणि बाटल्या घेऊन आला. दोन सासूलाही दिल्या. सगळी गल्ली दिवसभर हसत होती. पण तो गेल्यावर धोंडुबाई आतल्या खोलीत जाऊन रडली. लेकीच्या नवऱ्याला कोरडं बसवलं म्हणून.

बाकीच्या करतील. मला भीती माझीच आहे. तू दारात आलीस तर माझा हात राहील का, ते सांगता येत नाही.

अंजना


६ एप्रिल २०२३

आत्या,

लिहिलं. प्रत सोबत जोडली आहे. आवक क्रमांक २१४१, शिक्क्यासकट. तुझ्या पेटीत ठेव.

फार मोठं लिहिलं नाही. 'नवे सावरमुरे येथील तपासणीत मी पाण्याची टाकी आतून पाहिली नाही. तक्ता आधीच भरलेला होता. ओळ क्रमांक सात चुकीची आहे. गावात मी जे पाणी पाहिले ते गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी स्वतःच्या वाटणीतून काढलेले होते. सही माझी आहे आणि चूकही माझी आहे. फेरतपासणी व्हावी.'

साहेबांनी वाचून कागद टेबलावर पालथा ठेवला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" मी म्हटलं, "सर, पाण्याच्या खात्यात आहे मी. पाणी आहे की नाही तेवढंच लिहिलंय." म्हणाले, तुम्हाला गाव आठवलं, पण शहरातली रांग विसरलात. मी विसरलेले नाही. मागच्या वस्तीतल्या त्या दोन मुली रोज दिसतात. पण त्यांची रांग धोंडुमावशीला चढ चढायला लावून कमी करायची, हे कुणी ठरवलं? आमच्या इमारतीत पोहण्याचा तलाव आहे. त्याच्यापासून कुणीच सुरुवात करत नाही. हे मात्र मी बोलले नाही. ते बाहेर आल्यावर सुचलं.

फेरतपासणी एकोणीस एप्रिलला आहे. मीही कमिटीत आहे, बहुधा गावासमोर मी कशी वागते ते बघायचं म्हणूनच ठेवलंय. सगळ्यांबरोबर मी तुझ्या दारात येईन. आत्या, मला पाणी देऊ नकोस. एका कळशीनं सगळं पुन्हा पुसलं जाईल. तुझ्याकडे मी आजवर खूप मागितलं, पण एवढं कधी मागितलं नव्हतं, हे मला कळतंय.

तुझी,
दीपा


२२ एप्रिल २०२३

आत्या,

तू होतीस, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण तिथे आपण एक अक्षर बोललो नाही.

आम्ही नऊ वाजता पोहोचलो. सहा माणसं, दोन गाड्या, सहा बाटल्या. अकरापर्यंत बाटल्या संपल्या. माळावर सावली नाही हे मी विसरले होते. शाळा पाहिली, समाजमंदिर पाहिलं, स्मशानाची शेड पाहिली. प्रत्येक दारात बायका उभ्या होत्या. नमस्कार केला की नमस्कार करत होत्या. बसायला घोंगडं टाकत होत्या. आणि दर दारात पालथा घातलेला हंडा. कुणी घोषणा दिली नाही. साहेबांना घोषणांची सवय आहे, त्यांनी तसा पोलीसही मागवून ठेवला होता. तोही बिचारा ओठ चाटत उभा होता.

साडेबाराला साहेबांनी धोंडुमावशीच्या ओट्यावर बसून पाणी मागितलं. मावशी म्हणाल्या, "आवं सायेब, तुमच्या कागदात लय पानी हाय. जरा पिळून घ्या की." पोलीस हसला आणि त्यानं तोंड फिरवलं. साहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. उन्हानं की आणखी कशानं, कोण जाणे.

मग मी शिडी चढले. बावीस पायऱ्या आहेत. गेल्या वेळी सहाव्या पायरीवरून उतरले होते. झाकण उघडलं तर आतून गरम वारा तोंडावर आला. तळाला वाळलेला ब्रश, रंगाचा रिकामा डबा आणि गांधीलमाश्यांचं पोळं. मी फोटो काढले. खाली ओरडून सांगितलं, "सर, वर या, बघा." ते आले नाहीत. क्रांतीनं खालून हॉर्नसारखा आवाज काढला. मला हसू आलं आणि शिडी हलायला लागली.

शेवटी तुझं दार. तू उंबऱ्यावर उभी होतीस, दोन्ही हात पाठीमागे. माझे पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. मी तुझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, माझ्याच पायांकडे बघत राहिले. सगळे बघत होते. मनात म्हणत होते, नको गं. आणि मनातच तीन वर्षांची असल्यासारखी वाट बघत होते. तू हलली नाहीस. मी कोरडे पाय घेऊन आत आले, सातव्या ओळीपुढे लिहिलं आणि तुझ्याच जमिनीवर बसून सही केली.

काय लिहिलं ते तुला सांगते. 'टाकी कोरडी. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत तपासणी पथकाला गावात पिण्याचे पाणी मिळाले नाही.' बाकीच्यांना हे नाकारता येईना. सगळ्यांचे घसे सुकले होते. पाच जणांनी सह्या केल्या. साहेबांनी केली नाही.

काल आदेश आला. चौकशी होईल तोवर माझी बदली कापरी धरणावर. रोज सकाळी जाऊन भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. उपअभियंत्याला हे काम देत नाहीत. शिक्षा म्हणून दिलंय. जयराजनं माझी बॅग माळ्यावरून काढून दिली. सृष्टी म्हणाली, "आई, म्हणजे तू आपल्या गावाच्या वरती राहणार." तिनं सावरमुरे कधी पाहिलेलं नाही, आणि म्हणते आपलं गाव.

दीपा


८ मे २०२३

चि. दीपास आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र धरणाच्या पत्त्यावर पाठवतेय. तो पत्ता लिहिताना जरा थांबले. जिथून उठवलं, तिथं आपलंच माणूस साहेब म्हणून राहायला गेलं.

दोन तारखेला टँकर परत सुरू झाला. दर तिसऱ्या दिवशी, पहिल्यासारखाच. टाकीसाठी पाइप आणून टाकलेत, उन्हात तापताहेत. त्यांच्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. टाकीत पाणी कधी येईल ते पाइप टाकणाऱ्यालाही ठाऊक नाही. पुनर्वसन पूर्ण झाल्याचा ठराव आम्ही दिलेला नाही आणि त्याच्यावाचून तुमची भिंत वीतभरही उठत नाही, असं क्रांती म्हणते. दर आठवड्याला कुणीतरी गाडीतून येतं, गोड बोलतं, घोंगड्यावर बसतं आणि घसा खाकरत जातं. परवा एकजण स्वतःचा जार घेऊन आला. धोंडुबाईनं त्याच्याकडूनच तांब्याभर मागून घेतलं. तिच्या हाताचं प्लास्टर सुटलं. काल तिनं डोकं धुतलं, आणि ओले केस मोकळे सोडून सगळ्या गल्लीतून फिरली.

तुझ्या साहेबांना मी एक पत्र घातलंय. चौकशीत गावाची साक्ष घ्यावी म्हणून. खाली एकशे नव्वद सह्या आणि अंगठे. पोच आली आहे.

आता एक सांगायचं राहिलं. तू लिहिलंस, तुझे हात पाठीमागे होते. होते. त्या हातांत तांब्या होता. भरलेला. सकाळी तू येणार म्हणून मी तो भरून घेतला, कुणाला दिसू नये म्हणून पाठीमागं धरला आणि पाच तास तसाच धरून ठेवला. तू उंबऱ्याशी आलीस तेव्हा माझं मनगट वळलं होतं. थोडं सांडलंही, माझ्याच टाचेवर. तू तुझ्याच पायांकडं बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही, की दिसलं आणि तू बोलली नाहीस, ते विचारत नाही. तुम्ही सगळे गेल्यावर मी तो तांब्या रांजणात परत ओतला. आयुष्यात एवढं जड भांडं मी उचललेलं नाही, दीपा. सिद्धूच्या विहिरीवरून डोक्यावर तीन हंडे आणलेत, तरी नाही.

तिथं रोज सकाळी पातळी लिहितेस. त्या पाण्याखाली आपल्या दारामागचा झरा अजून वाहत असेल, तो वहीत धरत नसतील. तू मात्र त्याला मनात धर.

महिनाअखेरीला सुट्टी मिळाली तर ये. सृष्टीला आण, तिची परीक्षा झालीय. लाडू करून ठेवते. पण आधीच सांगते, टाकीत पाणी येईपर्यंत या उंबऱ्यावर कुणाच्याच पायांवर पाणी पडायचं नाही. तुझ्याही नाही, तिच्याही नाही. कोरड्या पायांनी या.

तुझी आत्या,
अंजना